दोघींचं काम

बेनन यांच्या घरात शिरलं की डाव्या हाताला, कोट अडकवायच्या खुंट्यांखाली, एका तिपाईवर टेलिफोन होता. नेरिस प्रोबर्ट रोज सकाळी दाराबाहेरच्या कुलूपपेटीतून किल्ली काढून आत यायची, पाय पुसायची आणि त्या टेलिफोनवरून, घरोघरी मदतनीस पुरवणाऱ्या आपल्या कंपनीचा नंबर फिरवायची. यंत्रातली बाई विचारायची, आपला क्रमांक? नेरिस आपला क्रमांक दाबायची. मदतनीस घरी पोचली, अशी कचेरीत नोंद व्हायची. मग ती रिसीव्हर मॉर्विदच्या हातात द्यायची आणि गरम पाणी आणायला आत जायची. मॉर्विद बेनन, घरची म्हातारी, तोच नंबर पुन्हा फिरवून रूडोचा क्रमांक दाबायची. तो तिला पाठ होता. म्हणजे दुसरी मदतनीसही पोचली.

रूडो तिथे नसायची. ती तेव्हा नदीपलीकडच्या उतारावर, पुढच्या घराकडे गाडी हाकत असायची.

एमलिन बेनन हे दोघींचं काम होतं. उभा राहिला तर दाराच्या चौकटीला डोकं लागेल असा हा माणूस सगळा जन्म बस चालवत आला होता आणि आता अर्धांगवायूने त्याची उजवी बाजू गेली होती. त्याला झोळीत घ्यायचं, हॉइस्टच्या यंत्राने पलंगावरून उचलायचं, वळवायचं आणि खुर्चीत उतरवायचं. एकीने यंत्राचं बटण दाबायचं, दुसरीने पाय आणि डोकं सांभाळायचं. नियम तसा होता आणि नियम शहाणपणाचा होता. पण अशी दोघींची घरं कचेरीच्या वेळांच्या तक्त्यात एकाला एक चिकटवलेली होती. पहिलं संपायचं त्याच मिनिटाला दुसरं सुरू. मधला रस्ता तक्त्यात नव्हता. नांतगोखच्या खोऱ्यात या उतारावरून त्या उतारावर जायचं तर खाली नदीपर्यंत यावं लागतं, पूल ओलांडून पलीकडे चढावं लागतं, आणि शाळा भरायच्या वेळी पुलावर गाड्या नुसत्या उभ्या असतात. तक्ता बनवणाऱ्यांच्या लेखी मात्र मदतनीस एका दारातून बाहेर पडली की दुसऱ्या दारात उगवत होती. या रस्त्याचा पगारही कोणाला मिळत नव्हता.

तेव्हा खोऱ्यातल्या जोड्यांनी एक तोड काढली होती. एक घर एकीने करायचं, तोवर दुसरीने पुढचं गाठायचं. ती ते करते आहे तोवर पहिलीने तिसरं गाठायचं. प्रत्येक घरातून क्रमांक मात्र दोघींचे दाबायचे. बायका याला ‘उड्या मारणं’ म्हणत. लबाडी असं कोणी म्हणत नव्हतं, कारण त्यात कोणाचा फायदाच नव्हता.

आणि दुसरीच्या जागी घरातलं जे कोणी असेल ते. बेननांकडे मॉर्विद.

“आली का दुसरी?” एमलिन पलंगावरून ओरडायचा. हा त्याचा रोजचा विनोद.

“आली. ही काय तुमच्या पायाशी उभी,” नेरिस म्हणायची.

“ही? हिला मी साठ वर्षांपूर्वी कामाला ठेवलं. पगार विचारला नाही तिने अजून.”

“विचारून मिळणार कुठून? सगळा क्लबात ओतलास,” मॉर्विद म्हणायची आणि त्याच्या पोटऱ्यांखाली दोन्ही हात घालायची. नवऱ्याच्या छातीलाही न लागणारी, पाखरासारख्या हाडांची बाई. नेरिस लहानपणी त्याच रांगेत तीन घरं सोडून राहायची, म्हणून मॉर्विद तिची आंटी. आता नेरिसच्या स्वतःच्या मुलीचं लग्न झालं होतं, तरी आंटी ती आंटीच.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी एमलिन झोळीत अर्धा वर गेलेला असताना त्याची टाच पलंगाच्या कठड्यात अडकली. झोळी फिरली. मॉर्विदने पाय सोडले नाहीत. सोडले असते तर तो खाली आला असता. तिचं मनगट कठडा आणि यंत्राचा दांडा यांच्या मध्ये सापडलं. तिच्या तोंडून फक्त ‘उं’ असा आवाज आला.

“आंटी, लागलं?”

“काही नाही. उतरव त्याला नीट. मी चहा टाकते.”

दुसऱ्या दिवशी नेरिस आली तेव्हा स्वेटरच्या बाहीतून पट्टा डोकावत होता, इस्पितळातला, जाड, निळा. पट्ट्यापलीकडची बोटं त्याच रंगाची झाली होती.

“डॉक्टरला काय सांगितलंस?”

“पायरीवरच्या बर्फावरून घसरले.”

“बर्फ कुठंय, आंटी? आठवडाभर नुसता पाऊस पडतोय.”

“मग पावसावरून घसरले. डॉक्टर काय खिडकीतून बघत बसलाय?”

“खरं का नाही सांगितलंस?”

मॉर्विदने चांगल्या हाताने चहात दूध घातलं. “खरं सांगितलं तर तुझी नोकरी जाईल. मग माझ्याकडे कोण येईल? ती खालच्या गावची लाडिक बाई? सारखी त्याला डार्लिंग म्हणते आणि मोजे उलटे घालते त्याचे.”

“मला आवडते ती,” एमलिन आतून म्हणाला.

नेरिस हसली नाही. त्या दिवशी गाडीत बसल्यावर तिने युनियनच्या माणसाला फोन लावला. या मदतीचे पैसे गावचं काउन्सिल भरायचं. कंपनीशी असलेला करार ते लवकरच नव्याने करणार होतं आणि त्याआधी काउन्सिलची समिती मदतनिसांचं म्हणणं ऐकणार होती. युनियन महिनाभर बोलायला माणूस शोधत होती. सगळ्याजणी म्हणत होत्या, बोलायला हवंच. आणि प्रत्येकीचा दीर नाहीतर पुतण्या काउन्सिलात नोकरीला होता. मागणी एकच होती. घरापासून घरापर्यंतचा रस्ता कामात धरा, म्हणजे दोघींच्या घरी दोघी पोचतील.

“मी बोलते,” नेरिस म्हणाली.

सकाळची फेरी संपली की रूडो आणि ती बंद पडलेल्या प्रार्थनाघराच्या मागच्या मोकळ्या जागेत गाड्या शेजारी शेजारी लावायच्या आणि नेरिसच्या गाडीत बसून चहा प्यायच्या. एकाच कामाच्या दोघी दिवसातून तेवढ्याच भेटत. रूडो झिंबाब्वेची होती. मुटारेमध्ये बँकेत कारकून होती, तिचा मुलगा तिथे आजीजवळ वाढत होता. या देशात राहायची तिची परवानगी कंपनीच्या नावाला बांधलेली होती. नोकरी गेली की परवानगीही गेली. ती नेरिसला सिसी म्हणायची; तिच्याकडे थोरल्या बहिणीला तसंच म्हणतात.

“तू बोल, सिसी,” रूडो म्हणाली. “रस्त्याचं बोल. पेट्रोलचं बोल. भर थंडीत गाडीत बसून सँडविच खातो त्याचं बोल. पण उड्यांचं बोलू नकोस.”

“उड्यांशिवाय रस्त्याचं कोणाला पटणार? म्हणतील, कुठे अडलंय? प्रत्येक घरी दोघी पोचतायत, अगदी वेळेवर.”

“म्हणू दे.”

“आणि आंटीचा हात?”

रूडोने थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं, आणि परत उघडलं. “तुला काढलं तर तू सुपरमार्केटात लागशील. मला काढलं तर विमानात बसवतील.”

“तुझं नाव घेणार नाही मी.”

“घ्यायला कशाला पाहिजे? रोज सकाळी प्रत्येक घरातून तुझ्या नावामागे माझं नाव लागतंय. नवराबायकोसारखं.”

“मग काडीमोड देऊ का?”

“दे. पोटगी लागेल.”

दोघी हसल्या. काचेवर वाफ धरली होती. रूडोने ती बोटाने पुसली. मग ती पाठीमागे हात नेऊन कमरेचा पट्टा सैल करायला लागली. तो जाड पट्टा ती कपड्यांच्या आत बांधायची, कारण तिच्या वाट्याला ती वरच्या आळीतली मिसेस रॉसर होती, आणि मिसेस रॉसर म्हणजे एका जागी दोन बायका होत्या.

“बोल,” ती म्हणाली. “माझी कंबर पण तेच म्हणतेय. पण सिसी, नीट बोल. तू रागावलीस की फुशारकी मारतेस.”

समितीच्या दिवशी नेरिसने मुलीच्या लग्नातलं जाकीट घातलं. सभागृह गरम होतं. अध्यक्षा काउन्सिलर प्रॉसर, पूर्वीच्या नर्स, मायेने बघणाऱ्या. त्यांच्या शेजारी समाजसेवा खात्याचे अधिकारी फेल्प्स, राखाडी सूट, हळू आवाज. प्रेक्षकांत युनियनचे लोक आणि मागच्या रांगेत, कामाचा अंगरखा न बदलता आलेल्या, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात निसटलेल्या पाचसहा मदतनीस बायका. नेरिस उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. तक्ता. पूल. उड्या. एका घरातून दाबले जाणारे दोन क्रमांक. “तुम्ही दोघींचे पैसे देता,” ती म्हणाली, “कंपनी दोघींचे पैसे घेते, आणि माणसाच्या पलंगाशी एकच उभी असते. दुसरी तुम्हाला बघायची असेल तर ती पुलावर गाडीत बसलेली असते, हॉर्न वाजवत.”

मॉर्विदचं नाव तिने घेतलं नाही. तशी शपथच घातली होती. माझं नाव काढलंस तर कुलूपपेटीतली किल्ली काढून ठेवीन, असं मॉर्विद म्हणाली होती. म्हणून नेरिस एवढंच म्हणाली, की दुसरीचं काम घरची माणसं करतात, तीही म्हातारी.

मग मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या आणि पुढच्यांनाही वाजवाव्या लागल्या. मिसेस प्रॉसर यांचे डोळे भरून आले होते. “हे सांगितल्याबद्दल कोणालाही शिक्षा होणार नाही,” त्या म्हणाल्या. “हा माझा शब्द.” तो शब्द त्यांनी पुढे तंतोतंत पाळला.

“एक शंका विचारू?” फेल्प्स म्हणाले. “फार छान बोललात. ह्या उड्या... केव्हापासून चाललंय हे?”

“तीन वर्षं तरी.”

“म्हणजे तीन वर्षं हे काम बहुतेक घरांत एकेकीनेच केलं.”

“हो. तेच सांगतेय.”

“घरच्यांच्या हातभाराने.”

“हातभार म्हणजे—”

“समजलं. आणि ह्या काळात कोणी पेशंट पडला? हॉइस्टमधून घसरला, कोणाला दुखापत झाली?”

मदतनीस बाईला आळशी म्हणा, उशिरा येणारी म्हणा, ती खांदे उडवेल. तिच्या हातून माणूस पडला का, असं विचारलेलं ती ऐकून घेत नाही. नेरिसची पाठ ताठ झाली.

“एकही नाही,” ती म्हणाली. “अकरा वर्षांत माझ्या हातून एकही माणूस पडलेला नाही. इथे मागे बसल्यात त्यांच्यापैकी कोणाच्याही हातून नाही.”

“एकटीने करूनही.”

“एकटीने करूनही!”

मागच्या रांगेने पुन्हा टाळ्या वाजवल्या, पहिल्यापेक्षा जोरात. कोणीतरी शिट्टी मारली. फेल्प्स यांनी मान डोलावली. त्यांना आणखी काही विचारायचं नव्हतं.

नेरिस बाहेर पडली तेव्हा ती खुशीत होती. तिने रूडोला फोन केला. “टाळ्या पडल्या,” ती म्हणाली. “दोनदा.”

“फुशारकी मारलीस का?” रूडोने विचारलं.

“जराशी.”

महिन्याभराने कळलं की दोघींच्या सगळ्या घरांची काउन्सिल नव्याने तपासणी करणार. घरी माणूस पाठवून, डोळ्यांनी बघून. नेरिसला वाटलं, आता झालंच. कोणीतरी येईल, उभं राहील आणि बघेल. एवढंच तर हवं होतं. तिने मॉर्विदला दोन दिवस आधी बजावलं.

“आंटी, जे आहे ते सांग. हात दाखव.”

“हो गं.”

“पट्टा काढू नकोस.”

“हो म्हटलं ना. मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

तपासणीच्या सकाळी नेरिस दार उघडून आत आली आणि तिला पॉलिशचा वास आला. भिंतीवरचे शोभेचे पितळी घोडे चकाकत होते. टेबलावर सोनेरी काठाच्या कपबश्या, ज्या नेरिसने यापूर्वी फक्त मॉर्विदच्या बहिणीच्या दफनाच्या दिवशी पाहिल्या होत्या. तव्यावर भाजलेले मनुकांचे केक साखर पेरून मांडलेले. पलंगावर एमलिन, पांढरा शर्ट आणि बस कंपनीचा टाय. मॉर्विदने ठेवणीतला ब्लाऊज घातला होता. मनगटावर काही नव्हतं.

“पट्टा कुठंय?”

“खणात. तो ह्या ब्लाऊजवर बरा दिसत नाही.”

“आंटी!”

पण दारावर थाप पडली. मिस लॅशफर्ड म्हणून एक तरुण मुलगी होती, सपाट बुटांची, सभ्य, पावसात भिजलेली. घर किती छान ठेवलंय, असं ती म्हणाली आणि मॉर्विद लाजली. नांतगोखमध्ये कोणी सरकारी माणूस उंबरठ्याच्या आत आलं की त्याला दोनच गोष्टी दाखवायच्या असतात: चांगली कपबशी, आणि आमचं काही अडत नाही. मॉर्विदच्या आईने खाणीच्या साहेबाला हेच दाखवलं होतं, नवऱ्याचा पाय छाटला त्या आठवड्यात.

“सकाळी किती जणी येतात, मिसेस बेनन?”

मॉर्विदने नेरिसकडे बघितलं. नेरिसने मान हलवली: सांग. मॉर्विदने त्या मानेचा आपल्या परीने अर्थ लावला.

“ही येते. एकटी. पण काय सांगू बाई तुम्हाला, ही एकटी दोघींना भारी आहे. यांना असं उचलते, असं, जसं पाळण्यात पोर. आमची काही तक्रार नाही हिच्याबद्दल. कोणी केली असेल तर खोटी आहे.”

“आणि तुम्हाला काही मदत करावी लागते?”

“मला? छे! मी चहा टाकते.”

“खोटं बोलतेय,” एमलिन म्हणाला. “माझे दोन्ही पाय हिच्या हातात असतात. त्या दिवशी तर—”

“एमलिन!” मॉर्विद मुलीकडे झुकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाली, “त्या झटक्यानंतर ह्याचं असंच. विसरतो. काल मला त्याच्या आईच्या नावाने हाक मारली.”

“तू आईसारखी ओरडत होतीस म्हणून मारली!”

मिस लॅशफर्ड हसली, म्हाताऱ्यांच्या बोलण्याला हसतात तशी.

“मिस,” नेरिस म्हणाली, “त्या रोज पाय धरतात. फेब्रुवारीत त्यांचा हात दांड्यात सापडला. त्यांना विचारा. हात बघा त्यांचा.”

“माझ्या हाताला काय झालंय?” मॉर्विद म्हणाली. आणि तिने त्याच हाताने भरलेली किटली उचलली. मोठी, चिनी मातीची, सहा कपांची. तिने मिस लॅशफर्डचा कप काठोकाठ भरला. धार थरथरली नाही. बशीत थेंब पडला नाही. फक्त तिच्या ओठांभोवतीचा रंग उडाला, आणि तो नेरिसला दिसला, कारण नेरिस तिथेच बघत होती.

मग नेरिसला मिस लॅशफर्डसमोर एमलिनला उचलून दाखवावं लागलं. तिने मुद्दाम वाईट करायचा विचार केला. पण झोळीत माणूस होता. तिचे हात नेहमीसारखेच चालले. मॉर्विद दारात उभी राहिली, हाताची घडी घालून, जिला कधी काही करावंच लागत नाही अशी. एमलिन, आयुष्यात पहिल्यांदाच, काही न बोलता खुर्चीत उतरला. त्याची टाच कठड्याला लागलीसुद्धा नाही.

“सुरेख,” मिस लॅशफर्ड म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटलं होतं.

ती गेल्यावर नेरिसने खण उघडला, पट्टा काढला आणि मॉर्विदच्या मनगटाला बांधायला घेतला. मनगट तापलं होतं.

“हे काय केलंस, आंटी?”

“तुला वाचवलं. एकटी येतेस म्हणून तुझ्यावर पाळत ठेवायला आली होती ती. मला काय कळत नाही?”

“दुसरी द्यायची की नाही, ते बघायला आली होती!”

मॉर्विदने टेबलाकडे बघितलं. केक तसेच होते. मुलीने एकच खाल्ला होता.

“मग तसं म्हणायचं ना तिने,” मॉर्विद म्हणाली.

ईस्टरनंतर निर्णय झाला. तो वाईट हेतूने झाला असं कोणालाच म्हणता आलं नसतं. खोऱ्यातल्या दोघींच्या बहुतेक घरी यापुढे एकच मदतनीस जाईल. त्यासाठी नवे हॉइस्ट येतील, एकटीला वापरता येतील असे. मिसेस प्रॉसर यांनी स्थानिक बातमीपत्राला सांगितलं की हा बदल प्रत्यक्ष काम करणाऱ्या भगिनींच्या प्रामाणिक साक्षीतून झाला आहे, आणि त्यांचं कौशल्य इतकी वर्षं आपल्याला दिसलंच नाही याची त्यांना खंत वाटते. वाचलेल्यातल्या थोड्या वेळात प्रतीक्षा करणाऱ्या आणखी म्हाताऱ्यांना मदत मिळेल. तेही खरं होतं. ती घरं लगेच तक्त्यात आली, एकाला एक चिकटून. रस्ता अजूनही त्यात नव्हता.

मागच्या रांगेतल्या बायका आता नेरिसला रस्त्यात भेटल्या की गाडीच्या काचा वर करायच्या. एकीने केल्या नाहीत. ती म्हणाली, “तू तोंड उघडायच्या आधी मी निदान खोटं खोटं तरी दोघींत होते.”

ती नवी घरं धरूनही पूर्वीपेक्षा कमी बायका पुरत होत्या. कंपनीने कोणाला काढलं नाही. तास कमी केले. रूडोचे तास इतके उरले की तेवढ्यावर तिची परवानगी टिकली नसती. इंग्लंडच्या पार पूर्वेकडच्या किनाऱ्यावर, जिथे ती कोणालाच ओळखत नव्हती, एक कंपनी तिला घ्यायला तयार झाली. निघायच्या सकाळी ती प्रार्थनाघरामागे आली. तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर दोन बॅगा आणि घडी घातलेली गादी होती.

“रागावलीस?” नेरिसने विचारलं.

“हो.” रूडोने चहाचा घोट घेतला. “पण तुझ्यावर नीट रागवायला एक तास लागेल, सिसी. तेवढा तक्त्यात नाही.”

“मला वाटलं होतं—”

“माहीत आहे काय वाटलं होतं. मीच म्हटलं ना, बोल. पण त्यांनी विचारलं, कोणी पडलं का. तेव्हा हो म्हणायचं होतंस.”

“कोणी पडलं नव्हतं.”

“तेच तर. तीन वर्षं आपण कोणाला पडू दिलं नाही. एखादा पाडायला हवा होता.” ती हसली, आणि मग हसणं थांबवून तिने अंगरख्याखाली हात घातला, कमरेचा पट्टा सोडवला आणि नेरिसच्या मांडीवर ठेवला. तो अजून गरम होता. “मिसेस रॉसर आता तुझ्याकडे आल्या ना? घे. डावीकडचं टोक आधी ओढ. नाहीतर सुटतं.”

मे महिन्यात बेननांकडे नवा हॉइस्ट आला. छताला रूळ, त्यावरून सरकणारा. यंत्र चांगलं होतं. पलंगाच्या वरपर्यंत ते एकटीने छान चाललं. पण रूळ खोलीच्या तिरप्या कोपऱ्यापाशी संपत होता, खुर्ची त्याच्या पलीकडे होती, आणि खुर्ची अलीकडे घेतली तर दार उघडत नव्हतं. तेवढं शेवटचं वळण माणसाचे पाय कोणीतरी धरून फिरवल्याशिवाय होत नव्हतं. हे नेरिसने कचेरीत कळवलं. बघतो, असं ते म्हणाले.

त्या सकाळी तिने किल्ली काढली, पाय पुसले, टेलिफोन उचलून आपला क्रमांक दाबला आणि पाणी आणायला आत गेली. नळ सोडला असताना तिला बाहेर पुन्हा नंबर दाबल्याचा आवाज आला. ती पातेलं हातात घेऊनच दारात आली. मॉर्विद तिपाईशी उभी होती, पट्टा बांधलेल्या हाताने रिसीव्हर कानाला धरून, चांगल्या हाताच्या बोटाने आकडे दाबत. न बघता. पाठ असल्यासारखे.

यंत्रातल्या बाईचा आवाज नेरिसपर्यंत स्वच्छ आला. हा क्रमांक आमच्याकडे नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.

मॉर्विदने पुन्हा प्रयत्न केला.

हा क्रमांक आमच्याकडे नाही.

“राहू दे, आंटी,” नेरिस म्हणाली. “आता एकच लावायचा.”

“हो की.” मॉर्विदने रिसीव्हर जागेवर ठेवला, स्वेटरची बाही पट्ट्यावरून खाली ओढली आणि आत आली.

“आली का दुसरी?” एमलिनने पलंगावरून विचारलं.

नेरिस कमरेचा पट्टा आवळत होती, डावीकडचं टोक आधी.

“आली,” मॉर्विद म्हणाली, आणि तिने त्याचे पाय धरले.